अप्पांच्या ट्रंकेतल्या जुन्या लेन्स आणि माझा डिजिटल कॅमेरा: लांबचं सगळं धूसर का येतंय?

कडक_भाकरी | २४ नोव्हेंबर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, सोलापुरात अशोक चौकाजवळ फोटो स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्ट साईज, शाळांचे ग्रुप फोटो. आधी डिजिटल आलं, मग मोबाईल आला आणि अप्पांनी शटर ओढलं ते ओढलंच. दिवाळीला माळा साफ करताना त्यांची लोखंडी ट्रंक खाली काढली. वर इंदू फिल्मचे रिकामे डबे, त्याखाली गारमेंटच्या चिंध्यांत गुंडाळलेला खजिना. असाही पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आणि त्यावर सुपर टाकुमार ५० मिमी, एफ १.४. झेनिट ई आणि त्यावर हेलिऑस ४४-२, ५८ मिमी, एफ २. एक सुपर टाकुमार १३५ मिमी, एफ ३.५. एक २८ मिमी, जिच्यावरचं कंपनीचं नाव पुसून गेलंय. शिवाय यशिका मॅट १२४ जी, पण ती बाजूला ठेवू, कारण तिची लेन्स काढता येते का असं मी नुसतं विचारलं तर अप्पा अर्धा तास बोलले नाहीत.

माझ्याकडे सोनीचा ए६४०० आहे, मुलांच्या स्नेहसंमेलनासाठी घेतलेला. वरच्या चारही लेन्स स्क्रूवाल्या, म्हणजे एम४२. म्हणून एम४२ ते सोनी ई असा अॅडाप्टर, म्हणजे जोडकडी, ऑनलाईन मागवला. पहिल्या दिवशी कॅमेरा फोटोच काढेना. मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करायचं असतं हे शोधायला रात्रीचे अकरा वाजले. (लेन्स समोर लावलेली दिसतेय आणि कॅमेरा म्हणतो लेन्स नाही. नवरा म्हणाला, तुमच्या घराण्यातलाच दिसतो.)

घरात काढलेले फोटो बघून मात्र वेड लागायची पाळी आली. आई खिडकीशी शेंगा सोलत बसलीय, टाकुमार पूर्ण उघडी, म्हणजे आतलं छिद्र सगळ्यात मोठं, एफ १.४. तिच्या बोटावरची सालं मोजून घ्या, आणि मागचं कपाट लोण्यासारखं विरघळलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धेश्वर तलावावर गेले. अलीकडच्या काठावरून मंदिर. सगळे फोटो धूसर! रिंग अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या, खुणेपर्यंत फिरवली, टोकाला टेकली, तरी मंदिराच्या कडा काही धारदार होईनात. एफ ८ केलं, म्हणजे छिद्र बारीक केलं, की बरं येतं, उघडी ठेवली की पुन्हा तेच. नेटवर सगळीकडे लिहिलंय की जुन्या लेन्स उघड्या ठेवल्या की मऊ येतात. अप्पांना तेवढं सांगितलं, तर म्हणाले, “माझ्या लेन्सला नावं ठेवू नकोस. याच तळ्यावर याच लेन्सनं काढलेला फोटो चार फूट मोठा करून दिलाय मी.”

तर प्रश्न दोन. धूसर का? आणि ५० ची काच कोऱ्या चहासारखी पिवळी पडलीय, ती फेकायची का?

---

माळढोक | २४ नोव्हेंबर

धाग्याबद्दल अभिनंदन. कडू बोलतो, राग मानू नका.

मी नान्नजला आणि उजनीच्या फुगवट्यावर पक्षी टिपतो, त्यामुळे लांबचं धारदार हवं हा माझा रोजचाच झगडा. साठ-सत्तरच्या दशकातल्या लेन्स फिल्मच्या हिशोबानं केलेल्या. चोवीस मेगापिक्सेलचा सेन्सर त्यांचा प्रत्येक दोष चव्हाट्यावर आणतो. त्यातून आपल्याकडची धूळ, आणि दिवस वर आला की पाण्यावरून, जमिनीवरून उठणारी गरम हवा. तुमच्या कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स लावून तोच फोटो काढून बघा. हे जुन्या लेन्सचं खूळ चेहरे, फुलं, चहाचे कप एवढ्यापुरतं ठीक आहे.

---

दमट_डोंबिवलीकर | २४ नोव्हेंबर

माळढोकराव, चहाच्या कपांचा अपमान सहन केला जाणार नाही.

ताई, आधी टॉर्चची परीक्षा करा. अंधाऱ्या खोलीत लेन्सची रिंग सगळ्यात छोट्या आकड्यावर ठेवायची, म्हणजे छिद्राची पाती पूर्ण उघडी. एका बाजूनं मोबाईलचा टॉर्च तिरका धरायचा, दुसऱ्या बाजूनं बघायचं. धूळ दिसेल, ती सोडून द्या, फोटोत येत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर बुरशी. थंडीत काचेवर श्वास सोडल्यासारखा एकसारखा पांढुरका थर दिसला तर धुरकटपणा. तो असेल तर सगळा फोटो दुधात बुडवल्यासारखा येतो, लांबचा काय आणि जवळचा काय. भिंगांमधला चिकटवलेला डिंक सुटला असेल तर कडेला इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात, त्या लेन्सवर पैसे घालू नका.

तुम्ही सोलापूरकर नशीबवान. तुमच्याकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो तेवढा आमच्याकडे एका जुलैत पडतो. माझ्या लेन्स मी हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि आर्द्रतेचा काटा ठेवून जगवतोय. काटा ४० ते ५० मध्ये राहिला पाहिजे. ६० च्या वर फार दिवस राहिला की बुरशीला आवतण.

---

कडक_भाकरी | २५ नोव्हेंबर

टॉर्च मारला. ५० पिवळी आहे पण स्वच्छ. हेलिऑस स्वच्छ, फक्त तिच्या पात्यांवर तेल चमकतंय. २८ ठीक. १३५ मध्ये कडेला बारीक जाळी दिसतेय. अप्पांनी लगेच गुन्हेगार शोधून काढला: ती लेन्स दोन पावसाळे रत्नागिरीला आत्याकडे राहिली होती.

माळढोकदादा, किट लेन्स लावून तोच फोटो काढला. मंदिर चक्क धारदार आलं. म्हणजे हवेचा दोष नाही.

अप्पांना हे अजून सांगितलेलं नाही.

---

भिंगरी | २५ नोव्हेंबर

थांबा, निकाल लावायची घाई नको. धुरकटपणा नाही, आणि आईंचा फोटो एफ १.४ ला धारदार आला असं तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिलंय. तिथंच माझे कान टवकारलेत. लेन्स उघडी असताना मऊ येत असेल तर दोन मीटरवरही मऊ यायला हवी.

एक करा. भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा. टाकुमार एफ २ ला ठेवून, कॅमेरा स्टूलावर, दोन मीटरवरून एक फोटो. मग गच्चीवरून पाच-सहा मीटर, दहा-बारा मीटर, शंभर मीटर अशा अंतरावरच्या पाट्या. प्रत्येक वेळी पडद्यावर मोठं करून फोकस लावा, फोकस लागला की कॅमेरा दाखवतो त्या नुसत्या रंगीत कडांवर विसंबू नका. आणि रिंग फिरवताना नीट बघा: लांबच्या पाटीला चित्र आधी धारदार होऊन पुन्हा बिघडतं, की टोकापर्यंत सुधारतच जातं आणि तिथं रिंग अडते?

---

कडक_भाकरी | २६ नोव्हेंबर

सुधारतच जातं आणि अडते!

दोन मीटर: बातमीतलं बारीक अक्षरसुद्धा वाचता येतंय. समोरच्या किराणा दुकानाची पाटी, साधारण बारा मीटर: छान. चौकातली पाटी: धूसर. २८ तर अजून वाईट, पाच-सहा मीटरच्या पुढे तिला दिसतच नाही. १३५ ला मात्र शंभरेक मीटरपर्यंत ठीक आहे. हे काय गौडबंगाल?

---

भिंगरी | २६ नोव्हेंबर

गौडबंगाल नाही, अॅडाप्टर जाड आहे. पैज लावतो.

लेन्स सेन्सरपासून जितकी पुढे सरकते तितकी ती जवळचं बघते. मॅक्रोसाठी मध्ये नळ्या लावतात ते यासाठीच. तुमचा अॅडाप्टर नकळत एक पातळ नळी झालाय, म्हणजे अप्पांच्या लेन्सला चुकीचा चष्मा लावलाय. एम४२ लेन्सची बैठक, म्हणजे लेन्स बॉडीला टेकते ती जागा, फिल्मपासून ४५.४६ मिमीवर असायला हवी. सोनी ई बॉडीची बैठक सेन्सरपासून १८ मिमीवर. वजाबाकी २७.४६. अॅडाप्टर तेवढाच हवा. केसभर जास्त झाला की अनंत गेलं.

किती जास्त आहे याचा अंदाज तुमच्याच आकड्यांवरून बांधता येतो. लेन्सच्या मिमीचा वर्ग करा, जास्तीच्या जाडीनं भागा, आलेलं उत्तर म्हणजे सगळ्यात लांबचा फोकस. समजा ०.१६ मिमी जास्त आहे. ५० चा वर्ग २५००, भागिले ०.१६, म्हणजे १५,६२५ मिमी, साडेपंधरा मीटर. २८ चा वर्ग ७८४, उत्तर ४.९ मीटर. १३५ चा वर्ग १८,२२५, उत्तर ११४ मीटर. जुळतंय का बघा तुमच्या पाट्यांशी?

आणि एफ ८ ला का बरं आलं? छिद्र बारीक केलं की धारदार दिसणारा पट्टा मागेपुढे पसरतो. पंधरा मीटरवर फोकस असला तरी त्या पट्ट्यात मंदिर बसून जातं. उघडी ठेवली की पट्टा आक्रसतो आणि मंदिर बाहेर पडतं. बघणाऱ्याला वाटतं लेन्सच उघडी असताना मऊ आहे. जुन्या लेन्सवर हा आळ किती जणांनी असाच घेतला असेल देव जाणे.

---

माळढोक | २६ नोव्हेंबर

शब्द मागे घेतो. अप्पांना माझा नमस्कार सांगा. चहाच्या कपांनाही.

---

यंत्रमाग | २७ नोव्हेंबर

ओ ताई, घेऊन या की तो अॅडाप्टर इकडं. मागाचे सुटे भाग करतो आपण, लेथ हाय, डिजिटल वर्नियर हाय. मोजल्याबिगर कशाला बोलायचं.

पण एक ध्यानात घ्या. कुणी सांगितलं की पुढची बाजू घासा, तर ऐकू नका. पुढं आटे हायत. एम४२ च्या आट्याचा पिच १ मिमी. म्हणजे ०.२ मिमी घासलं की लेन्स ७२ अंश जादा फिरून बसणार, आन् आकडे वाचायची खूण वर राहायच्या ऐवजी बगलेत जाणार. मागं बॉडीकडच्या बाजूला पत्र्याची चकती चार स्क्रूवर असती. ती काढायची, तिच्या खालची बैठक घासायची, चकती परत लावायची. खूण जिथल्या तिथं.

दुकानातनं परत का नाही करत म्हणाल तर करा. पण दुसरा आणाल तो बी तसाच नसंल कशावरनं?

---

निकॉननिष्ठ | २७ नोव्हेंबर

छान चाललंय. मध्येच घुसतो. माझ्याकडे निकॉन डी५३०० आहे. घरी मामांची एक हेलिऑस पडलीय. मलाही अॅडाप्टर घेता येईल ना?

---

भिंगरी | २७ नोव्हेंबर

वर दिलेला हिशोब लावा. निकॉनच्या आरसावाल्या (डीएसएलआर) कॅमेऱ्यांची बैठक ४६.५ मिमीवर, एम४२ ची ४५.४६. म्हणजे शून्य जाडीचा अॅडाप्टर मिळाला तरी लेन्स १.०४ मिमी पुढेच राहणार. ५० मिमी लेन्सला फार तर २.४ मीटर, तुमच्या ५८ ला ३.२. प्रत्यक्षात अॅडाप्टरची स्वतःची जाडी धरून त्याहूनही कमी. मध्ये काच घातलेले अॅडाप्टर मिळतात, त्यानं अनंत मिळतं, पण त्या स्वस्त काचेतून बघायचं तर हेलिऑसचा उपयोग काय? कॅननच्या आरसावाल्यांची बैठक ४४ मिमीवर, तिथं दीड मिमीची साधी चकती चालते. पुढे कधी निकॉनचाच बिनआरशाचा झेड घेतलात तर तिथं १६ मिमी, मग रान मोकळं.

सध्या त्या डी५३०० वर निकॉनच्याच जुन्या हातानं फोकस करायच्या लेन्स थेट बसतील. फक्त उजेड मोजणार नाही, एम मोडवर अंदाजानं काढावं लागेल.

---

दमट_डोंबिवलीकर | २८ नोव्हेंबर

पिवळ्या काचेचं कुणी बोललंच नाही अजून.

ताई, फेकू नका हो! सुपर टाकुमार ५० एफ १.४ ची अगदी पहिली आवृत्ती आठ भिंगांची होती, नंतरची सात भिंगांची. त्या सातवालीत थोरियम घातलेली काच वापरलीय. थोरियममुळे काच प्रकाश जास्त वाकवते, पण रंगांची फाटाफूट कमी करते, म्हणून त्या काळी बऱ्याच कंपन्या ते वापरत. थोरियम किरणोत्सारी. त्याच्याच किरणांनी काचेत वर्षानुवर्षं रंगाचे डाग साठत जातात आणि काच चहा होते. अतिनील प्रकाश दिला की ते डाग उतरतात. साधं ऊनसुद्धा चालतं.

---

पाहुणा_वाचक | २८ नोव्हेंबर

किरणोत्सारी?? लहान मुलांच्या घरात?

---

भिंगरी | २८ नोव्हेंबर

घाबरायचं कारण नाही. थोरियमचं अर्धआयुष्य १४०० कोटी वर्षांचं, म्हणजे ते फारच सावकाश किरण सोडतं. त्यातले अल्फा कण तर कागदानंही अडतात. बाकीचे थोडे बाहेर येतात, पण कॅमेऱ्याला लावून फोटो काढण्यात धोका नाही. करू नये ते एवढंच: भिंग घासायचं नाही, फोडायचं नाही, आणि मागची काच डोळ्याला लावून तासन् तास दुर्बीण दुर्बीण खेळायचं नाही. उशाखाली घेऊनही झोपू नका, अप्पा कितीही प्रेम करत असले तरी.

आणि पिवळेपणाची घाई असायचंही कारण नाही. डिजिटलमध्ये व्हाइट बॅलन्स तो रंग काढून टाकतो, फक्त थोडा उजेड खाल्ला जातो. फिल्मवर ही सोय नव्हती.

---

दमट_डोंबिवलीकर | २८ नोव्हेंबर

उन्हाची रीत सांगून ठेवतो. रंगीत भिंग या लेन्समध्ये मागच्या गटात आहे, म्हणून पुढची काच खाली, मागची वर. खाली स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल, म्हणजे आलेला प्रकाश परत वर जातो. रोज काही तास, दोनतीन आठवडे. शक्य तर त्याच उन्हात १३५ पण ठेवा, बुरशीलाही ऊन आवडत नाही. पण दोन्ही लेन्स एका डब्यात कधीही ठेवू नका.

एक मात्र नीट ऐका. लेन्स हे शेवटी भिंग आहे. उन्हात आडवी ठेवून विसरलात तर खिडकीचा पडदा पेटेल. आजूबाजूला कापड, कागद काही नको. आणि हे डिसेंबरात करताय म्हणून सांगतोय. मे महिन्यातल्या सोलापुरी गच्चीवर ठेवली असती तर आतलं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरलं असतं. तुमच्या हेलिऑसच्या पात्यांवरचं तेल बहुतेक तसंच आलंय. ट्रंक पत्र्याखाली होती ना?

---

कडक_भाकरी | २९ नोव्हेंबर

पत्र्याखालीच. तीसेक उन्हाळे.

त्या तेलाचं काय करू? आणि अजून एक: २८ वर एफ ८, एफ ११ काहीही लावलं तरी आतली पाती हलतच नाहीत, फोटो नेहमी उघडाच येतो.

अवांतर: पिवळेपणाबद्दल वाचून दाखवलं तर अप्पा म्हणाले, “मोतीबिंदू काढला तेव्हा मलाही असंच झालं होतं. पट्टी सोडली आणि आकाश एवढं निळं दिसलं की वाटलं कुणीतरी रंगवून ठेवलंय.”

---

दमट_डोंबिवलीकर | २९ नोव्हेंबर

तेल राहू दे. पात्यांवरचं तेल त्रास देतं ते आपोआप मिटणाऱ्या लेन्सना, कारण शटर उडायच्या क्षणी पाती झटकन मिटावी लागतात. हेलिऑस ४४-२ ची पाती तुम्ही हातानं फिरवता, तिला कसली घाई? दोन रिंग आहेत बघा: एकीवर आकडा ठरवायचा, दुसरी मोकळी फिरते. उघडी ठेवून फोकस करायचा आणि न बघता दुसरी रिंग टोकापर्यंत फिरवायची. ज्यांना लेन्स खोलायची खाज आहे त्यांनी जपानी स्क्रूड्रायव्हर वापरावेत, साधा फुलीचा घातला की जपानी स्क्रूची डोकी झिजतात. आणि फोकसचे आटे उघडण्याआधी सुटायची जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवावी, नाहीतर दिवसभर जिगसॉ खेळत बसाल. माझा अनुभव. एक लेन्स अजूनही डब्यात आहे, तुकड्यांत.

२८ चं कारण वेगळं. तिच्या मागे एक छोटी पिन दिसते का? जुना कॅमेरा शटरच्या वेळी ती पिन दाबायचा, तेव्हा पाती मिटायची. टाकुमारांवर ‘ऑटो’ आणि ‘मॅन’ असं बटण असतं, मॅनवर सरकवलं की झालं. तुमच्या २८ ला तसं बटण नसेल तर अॅडाप्टरला आतून पिन दाबणारा काठ लागतो. काही अॅडाप्टरना असतो, काहींना नसतो.

---

यंत्रमाग | ४ डिसेंबर

ताई काल येऊन गेल्या. मोजला. चार जागी मोजला, २७.६२. भिंगरी गुरुजींचा अंदाज ०.१६ बरोब्बर निघाला, भेटले तर पाया पडणार.

मागची चकती काढून ०.२ घेतलं. आता २७.४२, म्हणजे केसभर कमीच. मुद्दाम. थोडं कमी असलं की रिंग अनंताच्या जरा पलीकडं जाती, फोकस तरी चुकत न्हाई. आकड्यांची पट्टी थोडी खोटं बोलंल, ते चालतंय. चांगले कारागीर पण असंच करतात म्हणं. आतनं अॅल्युमिनियम चकाकत होतं, त्याला काळा मॅट रंग मारून दिला. न्हाईतर उजेड आतल्या आत नाचतो आन् फोटो फिका पडतो. बुरा पाण्यानं धुऊन, हवा मारून, वाळवून दिलाय. बारीक कण सेन्सरवर गेला तर शिव्या मला बसणार.

---

कडक_भाकरी | ५ डिसेंबर

यंत्रमागदादा पैसे घ्यायला तयार नव्हते. सगळ्यांसमोर लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी घेतील.

आज सकाळी परत तलावावर. टाकुमार, एफ २. मंदिराचं शिखर, पायऱ्या, पाण्यातलं प्रतिबिंब, सगळं. पाचशे टक्के मोठं करून अप्पांना दाखवलं. बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “हं. मग लेन्स काय वाईट होती?”

---

माळढोक | ५ डिसेंबर

आता जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत काठ्यांच्या, म्हणजे नंदीध्वजांच्या, मिरवणुकीच्या वेळी खरी कसोटी. ऑटोफोकस नसताना गर्दीत, रात्री?

---

कडक_भाकरी | ६ डिसेंबर

तेच विचारलं अप्पांना. म्हणाले, आम्ही कुठं ऑटोफोकसवर लग्नं केली? त्यांची रीत अशी: माणूस चालत येतोय त्याच्या मागे फोकस घेऊन पळायचं नाही. तो जिथं पोचणार आहे ती जागा आधी पकडायची, विजेचा खांब, रांगोळीची कडा, काहीही. तिथं फोकस लावून बोट रिंगवरून काढायचं. तो तिथं आला की दाबायचं. “आणि एकच दाबायचं. छत्तीसच्या रोलमध्ये मी ओढूनताणून अडतीस काढायचो, तुझ्यासारखे चारशे नाही.”

---

कडक_भाकरी | १७ जानेवारी

धागा वर आणतेय. गड्डा यात्रा झाली.

कोरा चहा ते फिका चहा इथपर्यंत काच आलीय, अजून आठवडाभर ऊन देईन. तोवर व्हाइट बॅलन्स हातानं लावला. तैलाभिषेकाच्या दिवशी २८ नेली आणि पस्तावले, पिनेचं काम राहूनच गेलंय. अक्षता सोहळ्याला हेलिऑस. आमच्या लहान सेन्सरवर ती ८७ मिमीसारखी वागते, त्यामुळे गर्दीतून एकेक चेहरा उचलता येतो. पांढऱ्या बाराबंदीतला एक म्हातारा, मागे झाडीतून येणारा उजेड, आणि ती सुप्रसिद्ध भोवऱ्यासारखी फिरणारी पार्श्वभूमी. ऐकून होते, पण ती दर वेळी येत नाही. मागे पानांसारखं बारीक काहीतरी हवं, आणि माणूस ना फार जवळ ना फार लांब. मागे भिंत असली की काही नाही.

रात्री नंदीध्वज विजेच्या दिव्यांनी सजून आले तेव्हा टाकुमार, एफ २. अप्पांच्या सांगण्यावरून रस्त्यावरच्या एका पांढऱ्या पट्ट्यावर फोकस लावून उभी राहिले. पहिल्या काठीला हात थरथरला. दुसरीला जमलं. तिसऱ्या वेळी कुणाचा तरी खांदा आडवा आला. चौथी काठी पेलणारा पट्ट्यावर पाऊल ठेवतो तो क्षण, त्याच्या मानेची शीर न् शीर दिसतेय. दिवे समोरून येत असले की फोटोत एक फिकट निळसर धब्बा उमटतो, काचेवरच्या जुन्या एकेरी लेपाचा दोष. हाताची सावली केली की जातो. एका फोटोत तो मुद्दाम ठेवलाय.

दारूकामाच्या रात्री होम मैदानावर अप्पांना घेऊन गेले. कॅमेरा त्यांच्या हातात दिला. पडद्याकडे बघायला तयार नाहीत, डोळा लावूनच बघणार. तीन फोटो काढले. तीनही ठीक आलेत. परत देताना म्हणाले, “याला रोल संपल्याचं कसं कळतं?”

यंत्रमागदादा, २८ च्या पिनेसाठी रविवारी येऊ का? यावेळी पैसे घ्यायचे.

---

यंत्रमाग | १७ जानेवारी

या की. पिनेला आतनं एक रिंग बसवू, तासाभराचं काम. पैशाचं नंतर बघू.

आन् येताना अप्पांना घेऊन या. तुमचा धागा घरी वाचून दाखवला तर बायको म्हणती, अशोक चौकातला स्टुडिओ म्हणजे आपल्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढलेले. अल्बम काढून बघितला. शेवटच्या फोटोत मी अख्खा हाय, बायको अर्धीच. तीसेक वर्षं तिला सांगत आलो की कॅमेरा बिघडला असंल. तो अडतिसावा होता होय!